नमुना १-अ आणि बाबांचा मोतीबिंदू

ड्रायव्हिंग लायसन्ससाठी ‘ज्येष्ठांनाच डोळे तपासायची सक्ती, हा सरळसरळ अपमान’ असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. सक्ती आपल्याकडे कागदावर आहेच, आणि तीही चाळिशीपासून. चाळिशी ओलांडली की लायसन्सच्या नूतनीकरणाला नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. त्यात चक्क विचारलंय की दिवसाउजेडी २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का!

प्रत्यक्षात काय होतं? बाबांच्या वेळी मी सोबत होतो. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काका, दिसतंय ना नीट?" बाबा म्हणाले, "उत्तम." सही, शिक्का, चला बाहेर. दोन महिन्यांनी रात्री घरी येताना समोरून हेडलाइट डोळ्यांवर आला आणि त्यांना गतिरोधक दिसलाच नाही. आईचं डोकं जोरात टपाला आपटलं. मग कळलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. (ऑपरेशननंतरचं त्यांचं पहिलं वाक्य: "अरे, आपल्या भिंती पांढऱ्या आहेत होय!")

आणि नुसता तक्ता वाचून घेणंही पुरेसं नाही. काचबिंदूत बहुतेक वेळा कडेची नजर आधी जाते, समोरची अक्षरं बराच काळ स्वच्छ दिसतात. म्हणजे तक्त्यात पास आणि डावीकडून घुसणारी स्कूटर गायब! त्यामुळे माझं म्हणणं, निदान साठीनंतर तरी हे प्रमाणपत्र नेत्रतज्ज्ञाचंच हवं, आणि बाजूची नजर तपासूनच.

बाबांनी रात्रीची गाडी आता आपणहून सोडलीय. किल्ली मात्र अजून त्यांच्याच खिशात असते.