प्रकाशावर ताबा ठेवणारं उपकरण डिझाईन करायचंय: एम.एस्सी. प्रकल्पासाठी काय निवडू?

सांगलीची_सायली:
नमस्कार मंडळी. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतेय, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ठरवायचा आहे. नुसतं मोजमाप करायचं नाही, प्रकाशाची वाट किंवा रूप बदलणारं काहीतरी स्वतः डिझाईन करायचंय. वाचनात तीन गोष्टी आवडल्या: सिलिकॉनवरचे रिंग रेझोनेटर (ठराविक तरंगलांब्यांचा प्रकाश आत फिरवत ठेवणारी कडी), मेटालेन्स (अतिसूक्ष्म पट्ट्यांचं सपाट भिंग) आणि एकेकट्या फोटॉनवरचे प्रयोग. कॉलेजात हीलियम-निऑन लेझर, पोलरायझर, थोड्या वेव्हप्लेट्स (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा, म्हणजे ध्रुवीकरण, बदलणाऱ्या चकत्या) आणि आरसे आहेत. क्लीनरूम (चिप बनवायची धूळमुक्त खोली) नाही. माझा लॅपटॉप साधा आहे, पायथन येतं. यातलं काय झेपेल आणि कुठून सुरुवात करावी?

चिपवाला_आइंडहोवन:
सायली, विषय फार छान निवडलास. मी फोटॉनिक चिपच्या डिझाईनमध्ये काम करतो, त्यामुळे माझं मत रिंगला.

आधी सिलिकॉनच का, ते पाहा. अशा चिपवर वापरतात त्या १५५० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा साधारण ०.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि सिलिकॉनचा बँडगॅप १.१२. फोटॉनला इलेक्ट्रॉन वर उचलता येत नाही, म्हणून तो शोषला न जाता पुढे जातो. अपवर्तनांक ३.४८, भोवतीच्या काचेचा १.४४. एवढा फरक असल्यामुळे प्रकाश २२० नॅनोमीटर जाड आणि ४५०-५०० नॅनोमीटर रुंद पट्टीत कोंडला जातो आणि काही मायक्रोमीटर त्रिज्येच्या वळणावरूनही फारसा निसटत नाही.

रिंगचं गणित सिम्युलेशनच्या आधी हाताने कर. दोन अनुनादांमधलं (म्हणजे रिंगमध्ये प्रकाश साठतो अशा दोन तरंगलांब्यांमधलं) अंतर म्हणजे तरंगलांबीचा वर्ग भागिले ग्रूप इंडेक्स (प्रकाशाचा स्पंद पट्टीत किती पटीने मंदावतो तो आकडा) आणि रिंगचा घेर यांचा गुणाकार. त्रिज्या १० मायक्रोमीटर आणि ग्रूप इंडेक्स ४.२ घेतला तर उत्तर सुमारे ९ नॅनोमीटर येतं. मग प्रकाशाच्या सिम्युलेशनचं मीप नावाचं मोफत सॉफ्टवेअर घे. त्रिमितीत अख्खी रिंग चालवायला जाशील तर लॅपटॉप दमेल. आधी पट्टीच्या छेदाचा मोड (पट्टीत प्रकाश ज्या आकारात टिकून पुढे जातो तो) काढ, त्यातून मिळालेला इफेक्टिव्ह इंडेक्स (त्या मोडला जाणवणारा अपवर्तनांक) वापरून द्विमितीत चालव. रिझोल्यूशन दुप्पट करून उत्तर हलतं का ते बघितल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवू नकोस.

खरा प्रश्न आहे रिंग आणि तिच्या शेजारचा सरळ वेव्हगाईड (प्रकाश वाहून नेणारी पट्टी) यांच्यातल्या फटीचा. एका फेरीत जेवढी शक्ती वाया जाते तेवढीच फटीतून आत येत असेल, तर अनुनादाच्या तरंगलांबीला बाहेरचा प्रकाश शून्यावर येतो. फट थोडी कमी-जास्त केली की हे बिघडतं. त्या एका आलेखावर प्रकल्पाचं अर्धं प्रकरण उभं राहील.

निवृत्त_मास्तर_पुणे:
वरचा सल्ला उत्तम आहे, पण सायली, तुझ्या टेबलावर जे आहे त्याचा विचार कर. तुझा लेझर ६३३ नॅनोमीटरचा. त्या रंगाला सिलिकॉन पारदर्शक नाही, म्हणजे रिंग तुझ्या पडद्यावरच राहणार. जे डिझाईन करशील ते हाताने बनवून तपासता यावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून ध्रुवीकरण घे. आणि त्यातही शिवरामकृष्णन पंचरत्नम यांचा फेज (लहर तिच्या आवर्तनात किती पुढे-मागे आहे ते) घे. सी. व्ही. रामन यांचा हा भाचा. १९५६ साली बंगळुरूत त्यांनी दाखवलं की प्रकाशाची ध्रुवीकरण-अवस्था फिरत फिरत मूळ जागी आली की त्याला जादा फेज मिळतो, आणि तो फेज त्या अवस्थेने कापलेल्या वाटेच्या आकारावर ठरतो. मायकेल बेरी यांनी क्वांटम यामिकीतला असा भौमितिक फेज १९८४ मध्ये मांडला, तेव्हा पंचरत्नम यांच्या कामाकडे जगाचं लक्ष गेलं. ते स्वतः तोवर हयात नव्हते. हे काम आपल्या प्रयोगशाळांमध्ये मुलांच्या हातून व्हायला हवं, याची मला फार ओढ आहे.

प्रयोग असा. माख-झेंडर इंटरफेरोमीटरच्या (प्रकाश दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणणारी मांडणी) एका बाहूत क्वार्टर, हाफ, क्वार्टर अशा तीन वेव्हप्लेट्स लाव. बाहेरच्या दोन ४५ अंशांवर स्थिर ठेव, मधली फिरव. पहिली प्लेट रेषीय प्रकाशाला वर्तुळाकार करते, मधली त्याची फिरण्याची दिशा उलटवते, तिसरी पुन्हा रेषीय करते. मधली θ कोनातून फिरवली की फेज २θ ने बदलतो. १८० अंशांत पडद्यावरच्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांपैकी बरोबर एक पट्टा सरकला पाहिजे. कुठलाही आरसा पुढे-मागे न करता!

चिपवाला_आइंडहोवन:
मास्तर, हे मान्य. आणि मेटालेन्सचं मूळही इथेच आहे ना. २०१६ मध्ये हार्वर्डच्या कपासो गटाने टायटॅनियम डायऑक्साईडच्या ६०० नॅनोमीटर उंच पट्ट्या वापरून भिंग केलं, ते याच तत्त्वावर. प्रत्येक पट्टी म्हणजे इवलीशी हाफ-वेव्हप्लेट. जिथे जेवढा फेज हवा त्याच्या निम्म्या कोनात ती पट्टी फिरवायची.

रिंगची एक अडचणही सांगून ठेवतो. पट्टीची रुंदी एका नॅनोमीटरने चुकली तर अनुनाद ढोबळमानाने तेवढाच सरकतो. तापमान एका अंशाने वाढलं तर आणखी ०.०७ नॅनोमीटर. म्हणून कारखान्यातून आलेल्या जवळजवळ प्रत्येक रिंगवर हीटर लागतो. रिंग घेतलीस तर रुंदी ५ नॅनोमीटरने कमी-जास्त करून काय होतं तेही दाखव. परीक्षक कोणीही असो, हा प्रश्न येतोच.

सांगलीची_सायली:
दोघांचेही मनापासून आभार. मास्तर, मग एकेकट्या फोटॉनचं काय? वेव्हप्लेट फोटॉनला फिरवते असं म्हणायचं, तर साध्या लेझरने केलेला प्रयोग फोटॉनबद्दल काही सांगतो का?

फोटॉन_मावशी:
मी क्वांटम ऑप्टिक्समध्ये काम करते, म्हणून हे मी सांगते. वेव्हप्लेट, बीमस्प्लिटर (प्रकाश दोन वाटांत विभागणारी काच), आरसा ही रेषीय साधनं. लेझरच्या विद्युतक्षेत्राला जे गणित लागतं तेच एका फोटॉनच्या संभाव्यता-आयामाला लागतं. त्यामुळे तुझं डिझाईन दोन्हीकडे तसंच चालेल. वेगळेपण दिसतं ते दोन फोटॉन भेटल्यावर. अगदी सारखे दोन फोटॉन ५०:५० बीमस्प्लिटरवर दोन बाजूंनी एकाच वेळी आले तर ते नेहमी एकाच दाराने बाहेर पडतात. हाँग, ओ आणि मँडेल यांनी १९८७ मध्ये हे दाखवलं. त्याला फोटॉन-जोड्यांचा स्रोत आणि एक-फोटॉन डिटेक्टर लागतात, कॉलेजच्या बजेटात ते बसत नाही. हा भाग आत्ता सोड, पीएच.डी.ला कर.

सांगलीची_सायली:
ठरलं. पंचरत्नम फेज प्रत्यक्ष मोजते आणि त्याच तत्त्वावर ६३३ नॅनोमीटरसाठी मेटालेन्सची एक पट्टी मीपमध्ये डिझाईन करते. एकच अडचण: क्वार्टर प्लेट्स दोन आहेत, हाफ एकही नाही.

निवृत्त_मास्तर_पुणे:
दुकानातली पारदर्शक चिकटपट्टी आण. बनवताना ताणली जाते, त्यामुळे तिच्यात द्विअपवर्तन (प्रकाशाच्या दोन कंपनदिशांना वेगवेगळा अपवर्तनांक) असतं. दोन पोलरायझर आडवे-उभे ठेवून मधे पट्टी ४५ अंशांवर धर, लेझर सोड आणि एकेक थर वाढवत जा. ज्या थराला पलीकडचा प्रकाश सर्वात जास्त, तिथे हाफ-वेव्हच्या जवळ आलीस. मग दुसरा पोलरायझर पहिल्याला समांतर कर. तिथे जेवढा प्रकाश उरेल तेवढी तुझी हाफ-वेव्ह चुकलेली आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्या तपास, जाडी निराळी असते. थर लावताना सगळ्यांची लांबीची दिशा एकच ठेव आणि मधे हवेचे बुडबुडे राहू देऊ नकोस, नाहीतर इंटरफेरोमीटरचे पट्टे वेडेवाकडे होतील. काचेच्या स्लाईडवर चिकटवून कोनमापकावर बसव. पहिलं वाचन इथे टाक, आम्ही सगळे बघू.