मदत हवी आहे: पतंग उडवायला परवाना लागतो का? सोसायटीच्या नोटिशीला लेखी उत्तर द्यायचे आहे

सर्वांना नमस्कार.

बडोद्यात हरणी विमानतळापासून फार लांब नसलेल्या एका सोसायटीत आम्ही राहतो. उत्तरायण (संक्रांतीचा पतंगांचा सण) तोंडावर आले असताना चेअरमनसाहेबांनी लिफ्टशेजारी नोटीस लावली आहे की, ‘पतंग हे कायद्याने विमान असल्यामुळे विनापरवाना पतंग उडवणाऱ्यास दोन वर्षे कैद व दहा लाख रुपये दंड होऊ शकतो, सबब अगाशीला (गच्चीला) कुलूप राहील.’ हा मजकूर दरवर्षी व्हॉट्सअॅपवर फिरतो. यंदा त्याखाली सोसायटीचा शिक्का उमटला, एवढाच फरक. विमानतळ जवळ असल्याने बऱ्याच सभासदांना तो पटलाही आहे.

अडचण अशी की मजकूर निव्वळ थाप नाही. १९३४ च्या विमान अधिनियमातील व्याख्येत फुगे, ग्लायडर यांच्याबरोबर पतंगाचाही उल्लेख खरोखरच होता. मात्र शिक्षेचे जे कलम सांगितले जाते ते, म्हणजे कलम ११, जमिनीवरील, पाण्यावरील किंवा हवेतील व्यक्तीला अथवा मालमत्तेला धोका होईल अशा रीतीने जाणूनबुजून विमान उडवण्याबद्दलचे होते. त्यात परवान्याचा विषयच नव्हता. शिवाय कलम ३ नुसार एखाद्या प्रकारच्या विमानांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला होता, आणि परवाना वगैरे बाबी कलम ५ खालच्या नियमांवर सोपवलेल्या होत्या. व्याख्येत नाव आले म्हणजे परवाना आलाच, ही उडी संदेश लिहिणाऱ्याची आहे. (त्याच संदेशात १८६७ च्या सराई (प्रवाशांच्या मुक्कामाच्या जागा) कायद्याने कोणत्याही पंचतारांकित हॉटेलात पाणी फुकट मिळते असेही आहे. त्या कायद्याने सराईवाल्यावर दरपत्रक लावण्याचे बंधन घातले होते, हे वाचून मला हसू आले.)

खेदाची गोष्ट म्हणजे जे नियम खरे आहेत, त्यांचा नोटिशीत मागमूस नाही. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, आणि गुजरातेत उत्तरायणाआधी पोलीस आयुक्त जाहीरनामा काढून चिनी दोरी (म्हणजे हाच नायलॉनचा मांजा) व तुक्कल (आकाशात सोडायचे पेटते कागदी कंदील) यांना मनाई करतात. गळा कापतो तो दोरीने, आणि आमच्याच फाटकासमोरच्या हातगाडीवर तसल्या फिरक्या उघड विकायला आहेत.

जाणकारांकडून पुढील मदत हवी आहे. जुन्या अधिनियमाच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे. त्यातील व्याख्या आणि साध्या कागदी पतंगाला लागू पडणारा नियम किंवा सूट कोणी कलमासह दाखवू शकेल काय? आयुक्तांच्या चालू जाहीरनाम्याची प्रत कोणत्या कचेरीत मागावी? आणि सामाईक अगाशी कमिटीच्या ठरावाशिवाय, एकट्या चेअरमनच्या सहीने बंद करता येते का? सभा येत्या रविवारी आहे. चेअरमनसाहेब वयाने मोठे आहेत, त्यांचा पाणउतारा करायचा नाही. म्हणून नव्या नोटिशीचा मसुदाच घेऊन जाण्याचा विचार आहे. कोणी असा मसुदा केला असल्यास कृपया येथे द्यावा, गुजरातीत असल्यास अधिक बरे.