रेती उपशाने इंग्लंडमधलं अख्खं गाव गेलं, हे खरं काय?

केरीवाली: आमच्याकडे गोव्यात केरीला पुळणीवरची सुरूची झाडं मुळांसकट आडवी होताहेत. परवा देवळात विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, इंग्लंडात असंच एक गाव समुद्राने गिळलं. खरं की थाप? लेक नववीत आहे, तिला प्रकल्पासाठी हवंय.

म्हातारा तारवटी: खरं गो. हॉलसँड्स, डेव्हनमध्ये, स्टार्ट पॉइंटच्या दीपगृहाजवळ. आमची बोट प्लिमथला लागली तेव्हा मुद्दाम जाऊन बघितलं. आता खडकावर चार मोडक्या भिंती आहेत, बस्स.

कड्याच्या पायथ्याशी वसलेलं पागींचं, म्हणजे मासेमाऱ्यांचं गाव, खेकडे धरून जगणारं. १८९१ च्या खानेसुमारीत ३७ घरं, १५९ माणसं. एक दारूचं दुकानही होतं (त्याशिवाय गाव कसलं!). पुढ्यात गोट्यांची रुंद पुळण, तीच त्यांची तटबंदी. १८९७ मध्ये प्लिमथच्या नौदल गोदीचं काम निघालं आणि काँक्रीटसाठी तिथले गोटे उपसायला सुरुवात झाली. पागी ओरडले. साहेबाचं म्हणणं, समुद्र आपोआप भरून काढील. कसला भरतोय! सुमारे साडेसहा लाख टन नेले. ते गोटे हिमयुगानंतर समुद्र वर चढला तेव्हा ढकलत आणलेले, नवे येणार कुठून?

१९०२ च्या जानेवारीत परवाना रद्द झाला. २६ जानेवारी १९१७ ला वादळ आलं आणि गाव फुटलं. माणूस एकही दगावला नाही, पण राहण्याजोगं घर एकच उरलं. त्यात एलिझाबेथ प्रेटिजॉन ही बाई १९६४ मध्ये मरेपर्यंत राहिली. हट्टी बाई, मला आवडली.

मांद्र्याचा पोर: मामा, आपल्याकडे तेरेखोल, शापोरा या नद्या रेती आणतात की. तुलना कशी जुळणार?

म्हातारा तारवटी: आणतात, पण नदीच्या पोटातूनच होड्या भरल्या तर पुळणीपर्यंत काय पोचणार? मात्र केरीचं सगळं खापर उपशावर फोडू नको. लाटा, वारा, बांधलेल्या भिंती, सगळ्यांचा हात असतो.

केरीवाली: लेक विचारतेय, उपसा १९०२ ला थांबला, मग गाव १९१७ ला कसं पडलं?

म्हातारा तारवटी: हुशार आहे पोर. पुळण तोवर कित्येक फूट खाली गेली होती, ती परत वर आलीच नाही. मध्ये समुद्रभिंती बांधल्या, त्यांनी साधी वादळं झेलली. त्या रात्री पूर्वेचा वारा आणि मोठी भरती एकदम आली, लाट थेट घरांवर.