परदेशी कंपनीबरोबर जेव्ही की सब-कन्सल्टंट? (नेपाळ, एडीबीचं रस्त्याचं काम)

गर्डर_३०:
पुण्यात चाळीसेक माणसांचं पूल आणि रस्ते डिझाइनचं ऑफिस आहे. नेपाळमधल्या एडीबीच्या (आशियाई विकास बँक) कर्जावरच्या एका रस्त्यासाठी युरोपातली एक कंपनी ईओआय (काम करायची तयारी आणि अनुभव सांगणारा पहिला अर्ज) भरतेय. ती लीड, आम्ही सब-कन्सल्टंट, असा त्यांचा प्रस्ताव आहे. आमच्याकडून ब्रिज, पेव्हमेंट आणि हायड्रॉलॉजीचे तीन सीव्ही हवेत, शिवाय पुण्यात बसून सगळी ड्रॉइंग. जेव्हीचा (जॉइंट व्हेंचर, म्हणजे भागीदारीत काम) विषय काढला की "जबाबदारी कशाला अंगावर घेता?" म्हणतात. अडून बसावं का? आणि मॅन-मंथचा (एका माणसाच्या महिनाभराच्या कामाचा) दर काढताना काय सुटतं?

सीव्ही_ते_सर्टिफिकेट:
जबाबदारीचं ते म्हणतात ते खरं आहे. जेव्हीत प्रत्येक भागीदार पूर्ण करारासाठी संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणेही बांधील असतो. तुमचा हिस्सा २० टक्के असला तरी क्लायंट पूर्ण नुकसान तुमच्याकडे मागू शकतो. त्यामुळे जेव्ही करारात आपसातली वाटणी, हिश्श्यापुरती भरपाई आणि प्रोफेशनल इंडेम्निटी विमा कोण काढणार हे लिहून घ्या.

पण तुमची खरी अडचण दुसरीच आहे. ईओआयच्या छाननीत वजन मिळतं ते लीड आणि जेव्ही भागीदारांच्या अनुभवाला. सब-कन्सल्टंट म्हणून पाच वर्षं ड्रॉइंग काढलीत तरी पुढच्या ईओआयमध्ये तुमची पाटी जवळपास कोरीच राहते. आज १५ टक्के हिश्श्याची जेव्ही मिळत असेल तर दरात थोडं सोडा, पण ती घ्या. अगदीच नाही जमलं तर सब-कन्सल्टन्सी करारात एवढं तरी घाला: क्लायंटच्या सहीचं, कामाची व्याप्ती आणि रक्कम लिहिलेलं सर्टिफिकेट लीडने मिळवून द्यायचं, नाहीतर शेवटच्या बिलातली ठरावीक रक्कम त्यांनी द्यायची.

हे सगळं ईओआयच्या आधी ठरवा. शॉर्टलिस्ट लागल्यावर जेव्हीची रचना बदलायला क्लायंटची परवानगी लागते. जेव्ही भागीदार एकाच प्रस्तावात राहू शकतो, हेही लक्षात घ्या.

टक्केवारी:
तुमच्या तीन सीव्हींची किंमत आधी मोजा, मग वाटाघाटीला बसा. क्यूसीबीएसमध्ये (तांत्रिक गुण आणि दर ठरलेल्या प्रमाणात जोडून निवड) आर्थिक गुण = १०० × सर्वांत कमी दर ÷ तुमचा दर.

समजा अ चे तांत्रिक गुण ८८, दर १२ कोटी. ब चे ८२, दर ९ कोटी. अ चे आर्थिक गुण ७५, ब चे १००.
८०:२० ला (तांत्रिक ८०, आर्थिक २०): अ ७०.४ + १५ = ८५.४, ब ६५.६ + २० = ८५.६. ब जिंकतो.
९०:१० ला: अ ७९.२ + ७.५ = ८६.७, ब ७३.८ + १० = ८३.८. अ जिंकतो, तोही आरामात.

तांत्रिक गुणांत सहसा सगळ्यात मोठा वाटा 'की एक्स्पर्ट'चा (प्रस्तावात नावानिशी दिलेल्या मुख्य तज्ज्ञांचा) असतो. म्हणजे ९०:१० असेल तर तुमची माणसं हाच त्यांचा हुकमी पत्ता, तेव्हा ताणून धरा.

सीव्हीत महिने तपासा. एकच माणूस एकाच काळात दोन साइटवर पूर्णवेळ दिसला तर ती चुकीची माहिती देणं ठरते आणि प्रकरण बंदीपर्यंत जाऊ शकतं. २०१० पासून पाच विकास बँकांत एकमेकांची बंदी लागू करण्याचा करार आहे, एक वर्षाहून मोठ्या बंदीसाठी. म्हणून भागीदाराचं नावही यादीत बघून घ्या.

गर्डर_३०:
८०:२० च आहे. दराचं सांगा कुणीतरी.

ओव्हरहेड:
महिन्याचा बेसिक पगार १,५०,००० धरा. त्यावर सोशल चार्जेस (रजा, पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे) ३० टक्के: १,९५,०००. त्यावर ओव्हरहेड (ऑफिसचा खर्च) ६० टक्के: ३,१२,०००. नफा १० टक्के: ३,४३,२००. गुणक, म्हणजे बेसिकच्या किती पट, २.२९. आकडे उदाहरणाचे आहेत, पायऱ्या मात्र ह्याच.

सुटते ती रजा. सहा दिवसांच्या आठवड्यात ३६५ मधून ५२ रविवार, १२ सुट्ट्या, १८ रजा, ७ आजारपण वजा केले की २७६ दिवस उरतात. ३७ ÷ २७६ = १३.४ टक्के फक्त भरपगारी रजेचे. पीएफ, ग्रॅच्युइटी वेगळं.

नेपाळमध्ये १३ टक्के व्हॅट आहे. तो दरात की बाहेर, आणि स्थानिक टीडीएस कुणाच्या खिशातून, हे शब्दांत लिहा. साइटवर जाणाऱ्यांची नेपाळ इंजिनिअरिंग कौन्सिलकडची नोंदणी वेळापत्रकात धरा. तिथलं आर्थिक वर्ष असारअखेर, म्हणजे जुलैच्या मध्यावर संपतं. सरकारी वाट्याचं बिल त्याआधीच सरकवा. "लीडला मिळाल्यावर तुम्हाला" हे कलम असेल तर कमाल दिवसांची मर्यादा टाका.

जीएसटीत मेख आहे. स्थावर मालमत्तेशी थेट संबंधित सेवेचं ठिकाण, आयजीएसटी कलम १३(४) प्रमाणे, मालमत्ता जिथे तिथे. रस्ता नेपाळात, म्हणून बाकी अटी पाळल्या तर निर्यात. बिल करण्याआधी एलयूटी (आयजीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा. पण उद्या ह्याच कंपनीने मुंबईतल्या पुलाची ड्रॉइंग दिली तर युरो आले तरी ती निर्यात नाही, १८ टक्के लागतो.

क्यूब_सिलिंडर:
ड्रॉइंगबद्दल कुणी बोललं नाही. लीडकडचा डिझाइन तपासणारा युरोकोडचा (युरोपातले डिझाइनचे नियम), तुमचं डिझाइन आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस). आयआरसी:११२ मधला एम३५ म्हणजे १५० मिमी क्यूबची ताकद ३५ एमपीए. युरोकोडच्या पद्धतीने लिहिलं तर तेच काँक्रीट सी२८/३५ (सिलिंडर/क्यूब), आणि डिझाइन ताकदीच्या सूत्रात बसतो सिलिंडरचा २८.
आयआरसी: ०.६७ × ३५ ÷ १.५ = १५.६
युरोकोड, गुणांक ०.८५ धरून: ०.८५ × २८ ÷ १.५ = १५.९
घोळ, युरोकोडच्या सूत्रात क्यूबचा ३५ घातला तर: ०.८५ × ३५ ÷ १.५ = १९.८
सॉफ्टवेअरच्या एका चौकटीत चुकीचा आकडा गेला की काँक्रीट २५ टक्के जास्त ताकदवान दिसतं, आणि रिपोर्ट हिरवागार.

भाराचंही तसंच. एलएम१ (युरोकोडचा वाहनभार) मध्ये इम्पॅक्ट (धावत्या वाहनाच्या हादऱ्याचा वाढीव भार) आतच धरलेला असतो, ७०आरवर (आयआरसीचा वाहनभार) तो वेगळा लावायचा. म्हणून डिझाइन बेसिस रिपोर्टवर (कोणता कोड, कोणते भार धरले ते लिहिलेला अहवाल) लीडची सही झाल्याशिवाय एकही ड्रॉइंग सोडू नका. करारात दोन रिव्हिजन फुकट, तिसरीपासून मॅन-डेचा दर. कोड बदलायचा असेल तर ती रिव्हिजन नाही, नवं काम.