विष्णु दिगंबरांनी गाणे घराघरांत नेले, आपण त्यातली फक्त परीक्षा ठेवली का?

भूप_नेरूळ

लेकीने गेल्या सत्रात गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रवेशिका पूर्ण' ही गाण्याची परीक्षा दिली. 'प्रारंभिक' या पहिल्या परीक्षेपासून शिकलेला भूप राग तिला तोंडपाठ आहे: आरोह, अवरोह, वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार, त्याच्या खालोखालचा संवादी धैवत, मध्यम-निषाद वर्ज्य. पंधरा दिवसांपूर्वी रात्री रेडिओवर भूपच लागला. मी विचारले, "कुठला राग गं?" ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "आई, हा आम्हाला नव्हता." मला त्या रात्री झोप लागली नाही.

तिच्या लेखी परीक्षेत पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे जीवनचरित्र होते. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड. मृत्यू २१ ऑगस्ट १९३१, मिरज. शिष्यांची नावे. तिने बिनचूक लिहिले. मग मीच तिच्या वहीतले ते पान घेऊन बसले आणि जमेल तेवढे मागचे-पुढचे वाचून काढले.

लहानपणी दारूकामात त्यांचे डोळे भाजले आणि दृष्टी अधू झाली. उपचारासाठी मिरजेला नेले आणि तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे सुरू झाले. त्या काळची एक गोष्ट सांगतात: गावात मोठ्या मंडळींचा समारंभ होता. विष्णु दिगंबरांना बोलावणे आले, पण त्यांच्या गुरूंना नाही, कारण ते 'गवई'. ज्यांच्यापुढे आपण मान खाली घालून बसतो, त्यांना गावात ही किंमत! १८९६मध्ये त्यांनी मिरज सोडली, गावोगाव गात उत्तरेला गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. कुरुंदवाडचा माणूस, लाहोरसारखे परके शहर, पाठीशी संस्थानिक नाही. १९०८मध्ये ते मुंबईला आले. सँडहर्स्ट रोडवर कर्ज काढून विद्यालयाची इमारत उभी केली. कर्ज फिटेना, शेवटी ती लिलावात गेली. तिथून ते नाशिकला रामनामात रमले.

ते गेले त्याच वर्षी, १९३१मध्ये, शिष्यांनी मंडळ स्थापन केले. तेच हे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ, ज्याची वास्तू आपल्या वाशीत सेक्टर ९एमध्ये आहे आणि जिच्यावरून मी कित्येक वर्षे भाजीच्या पिशव्या घेऊन जात होते.

माझे म्हणणे स्पष्ट आहे. त्या माणसाला समाजात गाण्याची आणि गाणाऱ्याची किंमत वाढवायची होती. शिकणाऱ्यातला प्रत्येक जण गवई होणार नाही हे त्यांना ठाऊक होते, पण तो कान तयार असलेला श्रोता व्हावा, हा त्यांचा ध्यास होता. आज आपल्याकडे प्रमाणपत्र आहे आणि कान नाही. हे चुकते आहे असे मला वाटते. तुमचे मत सांगा, विरोधी असले तरी.

ठाण्याचा_तबला

ताई, तुमच्या लेकीला भूप ओळखता आला नाही याचा दोष परीक्षेला देऊ नका. तिला भूप कोणी ऐकवलाच नसेल. अभ्यासक्रम 'ऐकवू नका' असे कुठे म्हणतो?

मी कोपरीत बावीस वर्षे तबला शिकवतो. माझ्याकडे रिक्षावाल्याचा मुलगा येतो, बँकेत काम करणाऱ्या बाई येतात, निवृत्त पोलीस येतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यांतल्या एकालाही कोणी दारात उभे केले नसते. बाळकृष्णबुवांनी स्वतः विद्येसाठी किती पायपीट केली ते वाचा. ग्वाल्हेरची गायकी त्यांनी वासुदेवबुवा जोशींकडून मिळवली, ती गुरुघरची कामे करून, गुरूची मर्जी सांभाळून. मर्जी फिरली की शिक्षण संपले. विष्णु दिगंबरांनी ते मोडले. फी भरा, वेळेवर या, वर्गात बसा, शिका. बायकांसाठी वर्ग काढले, तेही गाणारी बाई म्हटले की लोक नाक मुरडत त्या काळात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्या तसबिरीला रोज हार घालतो.

आणि परीक्षा नसेल तर मुले तीन महिन्यांत वर्ग सोडतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मध्यमापर्यंत टिकलेल्या पोराला तीनतालातल्या 'कायदा' या तबल्याच्या रचनेची गोडी लागते. परीक्षेने ते टिकले म्हणून गोडी लागली.

कळव्याचा_श्रोता

दोघांशीही असहमत. परीक्षा सुधारा, ऐकवा, हे सगळे वरवरचे. मूळ कल्पनाच गाण्याला मानवणारी नाही. पंचेचाळीस मिनिटांचा तास, समोर पंधरा मुले, फळ्यावर स्वरलिपी. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच. वहीत फरक काय लिहाल? भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. भूप कल्याण थाटाचा, म्हणजे त्या स्वरगटातला, देशकार बिलावलचा. लिहून झाले. पण देशकाराचा धैवत कसा लागतो, त्यावर किती थांबायचे, पंचमावर कसे उतरायचे, हे गुरूच्या गळ्यातून शंभर वेळा कानावर पडल्याशिवाय येत नाही.

आपल्या ठाण्यात राहिलेले पं. राम मराठे बघा. मास्तर कृष्णराव, मिराशीबुवा, जगन्नाथबुवा पुरोहित, एकेका गुरूपुढे बसून त्यांनी विद्या गोळा केली. महापालिका त्यांच्या नावाने दरवर्षी महोत्सव भरवते, तो त्या तालमीमुळे. संस्थेतून शिक्षक होतात, परीक्षक होतात. गवई होत नाही.

ठाण्याचा_तबला

गवई होत नाही? पं. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. सगळे विष्णु दिगंबरांच्या विद्यालयाचे. विनायकबुवांनी १९३२मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. देवधर मास्तरांच्या मुंबईतल्या शाळेत कुमार गंधर्व घडले. अजून किती नावे देऊ?

कळव्याचा_श्रोता

नावे बरोबर आहेत, पण ही माणसे संध्याकाळच्या फीच्या वर्गात तयार झाली का? विद्यालयात 'उपदेशक वर्ग' असे. निवडक मुले, करार करून वर्षानुवर्षे गुरूजवळच राहायची, फी नाही, पहाटेपासून रियाज, पुढे जाऊन शिकवायची जबाबदारी. हे तर गुरुकुलच झाले! बाहेर पाटी विद्यालयाची, आत तालीम जुनीच. म्हणजे तुमची उदाहरणे माझीच बाजू मांडतात.

भूप_नेरूळ

हा मुद्दा मला पटला आणि टोचलाही. मी दोन्ही वर्ग एकच समजत होते. म्हणजे त्यांच्या डोक्यात दोन वेगळ्या वाटा होत्या: उपदेशक घडवायची एक आणि सगळ्यांसाठी खुली दुसरी. दुसऱ्या वाटेवरच्या माणसाला पहिल्या वाटेच्या मापाने मोजले की तो नापासच होणार. आपण आज नेमके तेच करतोय. नोकरी-शाळा सांभाळून आठवड्यातून दोन तास येणाऱ्या मुलीकडून उपदेशकाच्या व्याख्या पाठ करून घेतो, आणि तिला श्रोता करायचे मात्र राहून जाते.

वाचणारी_ऐरोली

सगळे जण संस्थापकाचा गौरव करताहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. खाँसाहेबांच्या घराण्यांनी आणि गाणाऱ्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या जपली. विद्यालये आली तेव्हा 'गाणे आता सभ्य घरात आले' असे म्हटले गेले. या वाक्यात आधीच्या माणसांचा केवढा अपमान आहे, याचा विचार करा. विष्णु दिगंबरांनी बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले. पं. विष्णु नारायण भातखंडे उस्तादांकडून शेकडो चिजा घेऊन लिहून काढत होते, पण उस्ताद मंडळींना शास्त्र कळत नाही अशी त्यांची तक्रार असे. ज्यांच्याकडून घेतले त्यांना बाजूला सारले गेले, आणि हे आपल्या मुलांच्या जीवनचरित्राच्या प्रश्नात कधीच येत नाही.

आणखी एक. 'पहिले संगीत विद्यालय लाहोरचे' असे सर्रास सांगतात. बडोद्यात मौलाबक्षांनी १८८६मध्येच गायनशाळा सुरू केली होती, आणि त्यांची स्वतःची स्वरलिपी होती. पुण्यात गायन समाज १८७४चा. मुंबईत पारशांची गायन उत्तेजक मंडळी १८७०ची.

मिरजकर_घोडबंदर

ऐरोलीच्या ताई, 'पहिले'बद्दल तुम्ही बरोबर आहात. लाहोरचे वेगळेपण इतकेच की दरबाराच्या तनख्यावर न जगता लोकांच्या वर्गणीवर आणि गाण्याच्या कमाईवर ते उभे राहिले. बडोद्याला मागे सयाजीराव होते.

पण उस्ताद विरुद्ध विद्यालय अशी सरळ रेघ ओढू नका. मी मिरजेचा आहे. आमच्याकडे दर्ग्याच्या उरुसात गाणे होते आणि तंतुवाद्ये करणाऱ्यांच्या गल्लीतून जाताना भोपळ्यांचे ढीग दिसतात. तिथेच राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१३मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. किराणा घराण्याचा उस्ताद, आणि शाळा स्वतः चालवतो, मुले घरी ठेवून शिकवतो! मौलाबक्षांचे उदाहरण तर तुम्हीच दिलेत. म्हणजे शाळेची कल्पना एका जातीची किंवा एका धर्माची नव्हती. काळ बदलत होता, दरबार संपत होते, पुढे गाणे कसे जगेल याची काळजी दोघांनाही होती. आपण पुढे इतिहास लिहिताना एकाचीच तसबीर भिंतीवर लावली, ही चूक आपली आहे.

वाचणारी_ऐरोली

ही दुरुस्ती मला मान्य आहे. पण शब्द बदलल्याबद्दल कोणी बोलले नाही. ठुमरीतले आर्जव काढून टाकल्यावर त्यातला भाव कुठे राहतो?

मिरजकर_घोडबंदर

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिथे नुकसान झाले, असेच मलाही वाटते.

करावे_गाव

मी इथे सहसा लिहीत नाही, पण ताईंनी वाशीचे नाव घेतले म्हणून लिहितो. सिडको यायच्या आधीपासून आमच्या गावांत भजन आहे. देवळात पखवाज, पेटी, टाळ. माझे आजोबा खाडीत मासेमारी करायचे, वही कधी हातात धरली नाही, पण अभंगाला बुवांनी कुठल्या रागाची चाल लावली ते पहिल्या आलापात सांगायचे. भीमपलास, मालकंस, भैरवी. त्यांना थाट माहीत नव्हते. कान होता. तो दर एकादशीच्या जागरणात तयार झाला.

मी स्वतः पखवाज आजोबांच्या शेजारी बसून शिकलो. पुढे मुलांना शिकवायला एका खासगी वर्गात जागा होती, तिथे विचारले, "विशारद आहात का?" म्हणजे मंडळाची ती वरची परीक्षा झाली आहे का. नाही म्हटल्यावर माझा हातही ऐकला नाही. त्याचे दुःख अजून आहे. कळव्याचे दादा म्हणतात तसे संस्था बंद करा असे मी म्हणत नाही, कारण माझी पुतणी आज विशारद करते आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याकडे विद्या नाही, हे कुठून आले? विष्णु दिगंबरांकडे तरी कुठला कागद होता?

ठाण्याचा_तबला

दादा, तुमचे वाचून मी जरा वेळ गप्प बसलो. मी बावीस वर्षांत एकाही भजनी बुवांना माझ्या वर्गात बोलावले नाही. हे मनात यायला हवे होते.

तरी स्वरलिपीची बाजू सोडत नाही. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, पलुस्करांच्या पद्धतीत हलन्तासारखी खूण. मुले या दोन खुणांत गोंधळतात, पालक वैतागतात. पण त्या खुणा नसत्या तर किती बंदिशी गाणाऱ्याबरोबरच गेल्या असत्या? तुमच्या आजोबांच्या चाली कोणी लिहून ठेवल्यात का?

करावे_गाव

नाही. अर्ध्या गेल्या. हे खरे आहे.

कळव्याचा_श्रोता

लिहिलेली चाल म्हणजे चालीचा सांगाडा. पण सांगाडाही नसेल तर पुढच्याला काहीच मिळत नाही, एवढे मी मान्य करतो. शाळेच्या वाढीव गुणांसाठी परीक्षेला बसणाऱ्या मुलांबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. दहावीचा निकाल लागला की तानपुरा खोळीत जातो.

भूप_नेरूळ

तसे होते, आमच्या इमारतीतच तीन घरांत झाले आहे. माझ्या घरात होऊ नये म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. या सत्रात लेक मध्यमाचा फॉर्म भरणार नाही, सहा महिने फक्त ऐकेल. वर्गातल्या बाईंना सांगितले तेव्हा त्यांना आधी राग आला, मग म्हणाल्या, "मलाही असेच शिकवायचे असते हो, पालकच निकाल मागतात." त्यांच्यावरचा माझा राग तिथेच गेला.

दुसरी गोष्ट करावेच्या दादांसाठी. पुढच्या एकादशीच्या जागरणाला आम्ही दोघी आलो तर चालेल का? सीवूड्सला उतरून येऊ. लेकीची वही घरी ठेवेन.

करावे_गाव

या ताई. दहाला गजर सुरू होतो, पण साडेनवाला या, पखवाजाला कणीक लावताना तिला बघता येईल. आणि ठाण्याच्या सरांनाही सांगतो, तुमचा डग्गा घेऊन या.

ठाण्याचा_तबला

येतो. शेवटची ठाणे-वाशी गाडी किती वाजता असते ते तेवढे कोणीतरी सांगा.