केबलवर वेग ९४ च्या पुढे का जात नाही, आणि अडचण तशीच असताना तक्रार बंद का होते?

कोरांटी (प्रश्न)

नमस्कार. गेले चार महिने एका अडचणीने मला हैराण केले आहे, आणि ज्यांनी ती सोडवायला हवी त्यांच्याकडून उत्तर मिळत नसल्यामुळे इथे सविस्तर लिहीत आहे. माझ्या इंटरनेट जोडणीचा प्लॅन डाउनलोडसाठी ३०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) आणि अपलोडसाठी ३० एमबीपीएस असा आहे. मी घरून काम करते. माझा लॅपटॉप राउटरपासून दोन खोल्या पलीकडे असतो आणि तो वाय-फायऐवजी केबलने जोडलेला आहे. या लॅपटॉपवर सकाळी, दुपारी, रात्री, जेव्हा जेव्हा मी वेग मोजला तेव्हा तेव्हा आकडा ९३ किंवा ९४ आला. त्याच्या पुढे तो एकदाही गेला नाही. शिवाय संध्याकाळी सात ते नऊच्या सुमारास व्हिडिओ कॉल तुटक होतात. समोरच्याचा आवाज अडखळतो, मग दोन-तीन वाक्ये एकदम घाईने ऐकू येतात, आणि माझे बोलणे तिकडे पोहोचेपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो.

मी आतापर्यंत सहा वेळा तक्रार नोंदवली. दर वेळी भाषा निवडायची, क्रमांक दाबत जायचे, संगीत ऐकत थांबायचे, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी जी व्यक्ती बोलू लागते तिला माझ्या आधीच्या तक्रारींची काहीही कल्पना नसते. राउटर बंद करून पुन्हा चालू करा, असे मला सहाही वेळा सांगण्यात आले आणि मी सहाही वेळा ते केले. एकदा तंत्रज्ञ घरी आले. त्यांनी राउटरजवळ उभे राहून स्वतःच्या फोनवर वेग मोजला, तो २९० च्या आसपास भरला, आणि "लाइन बरोबर आहे, तुमच्या लॅपटॉपमध्येच काहीतरी असेल" असे म्हणून ते निघाले. ते जिना उतरत असतानाच तक्रारीचे निवारण झाल्याचा एसएमएस माझ्या फोनवर आला. मी लॅपटॉप दुरुस्ती करणाऱ्यांना दाखवला. त्यात दोष नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

तर दोष नेमका कुठे आहे, हे मला स्वतःला शोधून काढता येईल का? आणि अडचण तशीच असताना तक्रार बंद होण्याचा हा प्रकार कसा थांबवावा?

दुर्बीण

आपण आकडा नेमका लिहिला हे फार बरे केले, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या ९४ मध्येच आहे. वेग कधी ६०, कधी १४०, कधी २०० असा वर-खाली झाला असता तर गर्दी, अंतर, इतर उपकरणे अशी अनेक कारणे तपासावी लागली असती. तो दिवसाच्या कोणत्याही वेळी एकाच आकड्यावर येऊन थांबतो, याचा अर्थ वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसची मर्यादा आहे. केबलवरून जाणाऱ्या माहितीला पत्ते, क्रमांक आणि दोन तुकड्यांमधील सक्तीची विश्रांती यांची वेष्टणे असतात. तारेवरच्या दर १५३८ बाइटांमागे आपल्या उपयोगाचे साधारण १४४८ ते १४६० बाइट पोहोचतात. म्हणजे १०० च्या जोडणीवर सर्व काही सुरळीत असले तरी ९४ ते ९५ च्या पुढे आकडा जाऊच शकत नाही.

आता ही मर्यादा कोठून आली ते पाहू. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात आणि त्या दोन-दोन अशा पिळलेल्या चार जोड्यांमध्ये असतात. १०० च्या वेगासाठी यांपैकी दोनच जोड्या लागतात; १००० च्या वेगासाठी मात्र चारही लागतात. एखादी जोडी तुटली किंवा टोकाच्या प्लगमध्ये नीट बसली नसली, तर अनेक उपकरणे १००० चा प्रयत्न सोडून देतात आणि गाजावाजा न करता १०० वर काम चालू ठेवतात. जोडणी तुटत नाही, चूक दाखवणारा संदेश येत नाही, म्हणून हा दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही. आपल्या तंत्रज्ञांनी फोनवर, म्हणजे वाय-फायवर वेग मोजला. त्या मोजणीत ही केबल आलीच नाही.

लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये केबलच्या जोडणीचा वेग लिहिलेला असतो. तिथे १०० दिसते की १०००, हे आधी पाहा. १०० दिसत असेल तर लॅपटॉप उचलून राउटरजवळ न्या आणि एखाद्या आखूड, चांगल्या केबलने थेट जोडा. आकडा १००० झाला तर दोष आपल्या लांब केबलमध्ये आहे. तो १०० च राहिला तर राउटरचे दुसरे पोर्ट वापरून पाहा, कारण काही साध्या राउटरांची सगळीच पोर्टे १०० ची असतात आणि वाय-फाय मात्र त्याहून वेगवान असते. या तपासणीला दहा मिनिटे पुरतात. ती घरी आलेल्या माणसाने करायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

शमी

केबलबद्दल दुर्बीण यांच्याशी सहमत आहे. संध्याकाळच्या तुटक कॉलचे कारण मात्र वेगळे असावे. ९४ एमबीपीएस हे व्हिडिओ कॉलला पुरून उरतात. त्यामुळे केबल बदलली तरी ही अडचण कदाचित राहील, आणि तेव्हा आपली निराशा होऊ नये म्हणून आधीच लिहितो.

कॉलसाठी वेगापेक्षा विलंब महत्त्वाचा असतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे म्हटले आहे. त्यापुढे गेल्यास माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. आपण केलेले वर्णन अगदी तसेच आहे. संध्याकाळी घरातील कोणाचे फोन घरी येतात, चार्जिंगला लागतात आणि दिवसभराची छायाचित्रे, व्हिडिओ क्लाउडवर पाठवू लागतात का, हे पाहावे. आपल्याकडे बाहेर जाणारी वाट ३० एमबीपीएसची आहे. ती भरली की उरलेली माहिती राउटरच्या स्मृतीत रांगेत थांबते. ही रांग एक मेगाबाइटची, म्हणजे आठ मेगाबिटची धरली तरी ती रिकामी व्हायला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि आपल्या आवाजाचा इवलासा तुकडा त्या सगळ्या छायाचित्रांच्या मागे उभा असतो. वेग मोजला तर तो चांगलाच दिसतो, कारण वाट खरोखरच पूर्ण क्षमतेने वाहत असते.

या दोषाला बफरब्लोट म्हणतात. स्मृती स्वस्त झाली तशा उत्पादकांनी उपकरणांमधील रांगा वाढवत नेल्या. एकही तुकडा गळू नये हा हेतू होता, पण त्यामुळे प्रत्येक तुकडा उशिरा पोहोचू लागला. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास याकडे जोरकसपणे लक्ष वेधले, आणि २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही रांगेवर नियंत्रण ठेवणारी पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेली एफक्यू-कोडेल ही सोय आता पुष्कळ राउटरांमध्ये असते, पण ती बहुधा आपल्याला शोधून चालू करावी लागते. ती नसेल तर फोनमधील बॅकअप रात्री उशिरा होईल असे ठरवावे, किंवा राउटरमध्येच अपलोडची मर्यादा २६-२७ वर ठेवावी. थोडा वेग गमावून विलंब आटोक्यात येतो, आणि घरून काम करणाऱ्यांसाठी हा सौदा फायद्याचा आहे.

पडताळणी सोपी आहे. पिंग, म्हणजे एक छोटा संदेश दूरच्या संगणकापर्यंत जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा, चालू ठेवा आणि त्याच वेळी एखादी मोठी फाइल अपलोड करा. १५-२० मिलिसेकंदांचा आकडा ३०० वर गेला तर कारण हेच.

रानजाई

तांत्रिक बाजू वर आली आहे, म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. मी सात वर्षे ग्राहकसेवा केंद्रात फोनवर काम केले आहे. राउटर बंद-चालू करायला सांगणारी व्यक्ती आपला अपमान करत नसते. तिच्या पडद्यावर ती पायरी पूर्ण झाल्याची खूण केल्याशिवाय पुढचे पान उघडतच नाही. तिच्या कामाचे मोजमाप एका कॉलला सरासरी किती मिनिटे लागली आणि दिवसात किती तक्रारी बंद झाल्या यावर होते. बंद झालेली तक्रार आणि सुटलेली तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बहुतेक ठिकाणी मोजली जाते ती पहिलीच. मला या गोष्टीचा सात वर्षे त्रास झाला आणि आजही होतो.

फोनवर थांबावे लागण्याचे कारणही काही गूढ नाही. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्येच टेलिफोनवरील कॉलच्या संख्येचे गणित मांडले, आणि पुढे दूरध्वनीच्या रहदारीच्या एककाला त्यांचेच नाव मिळाले. एकच कर्मचारी असलेल्या साध्या रांगेत, ग्राहक केव्हाही येत असतील आणि तो कर्मचारी ८० टक्के वेळ कामात असेल, तर एका कामाला जेवढा वेळ लागतो त्याच्या सरासरी चौपट वेळ वाट पाहावी लागते. ९० टक्क्यांवर ती नऊपट होते. कर्मचारी अनेक असले तर आकडे सौम्य होतात, पण वळण तेच राहते. म्हणजे माणसे थोडी कमी केली तरी ग्राहकाचे थांबणे पुष्कळ वाढते. हे कर्मचाऱ्यांची संख्या ठरवणाऱ्यांना पुरते माहीत असते, म्हणून "सध्या नेहमीपेक्षा जास्त कॉल येत आहेत" हे वाक्य वर्षभर ऐकू आले की मला वाईट वाटते.

आपण काय करावे, ते सांगते. प्रत्येक वेळी नवी तक्रार नोंदवू नका. जुना क्रमांक सांगून "हीच तक्रार पुन्हा उघडा" असे शब्दशः म्हणा, कारण पुन्हा उघडलेल्या तक्रारी वेगळ्या मोजल्या जातात आणि त्या वरिष्ठांच्या नजरेस पडतात. नवी तक्रार मात्र आपल्याला पुन्हा पहिल्या पायरीवर नेते. "नेट हळू चालते" असे न म्हणता "केबलवर जोडणीचा वेग १०० दाखवतो, आखूड केबलने १००० दाखवतो" असे एक वाक्य सांगा आणि समोरच्या व्यक्तीला ते वाचून दाखवायला सांगा. जे लिहिले गेले नाही ते तंत्रज्ञापर्यंत पोहोचत नाही. बोलणे संपले की तारीख, वेळ आणि तक्रार क्रमांक नमूद करून तोच मजकूर ईमेलने पाठवा. आणि तंत्रज्ञांना दोष असलेल्या ठिकाणी, आपल्याच लॅपटॉपवर मोजणी करायला लावा. निवारण झाल्याची खात्री करणारा सांकेतिक क्रमांक ते मागत असतील, तर ही मोजणी होईपर्यंत तो देऊ नका.

जुनापिंपळ

वरचे तिन्ही प्रतिसाद उपयुक्त आहेत, तरी एक खंत मांडावीशी वाटते. माझी आई ८१ वर्षांची आहे आणि एकटी राहते. तिला चार जोड्या, विलंब आणि तक्रार पुन्हा उघडण्याचे शब्द कोण शिकवणार? ती यंत्राच्या आवाजाने सांगितलेला क्रमांक दाबेपर्यंत वेळ संपतो आणि कॉल तुटतो. तिच्यासारख्यांची तक्रार कोणत्याच आकड्यात येत नाही, कारण ती नोंदवलीच जात नाही. ज्ञान वाटून घ्यावे, ते मी स्वतःही करतो. पण तपासणीचे काम ग्राहकाच्या अंगावर टाकणे ही आता रीतच होऊ लागली आहे, आणि ते मला मान्य नाही.

कोरांटी

सर्वांचे मनापासून आभार. दुर्बीण यांनी सांगितल्याप्रमाणे सेटिंग पाहिली तर १०० च लिहिलेले होते. लॅपटॉप राउटरजवळ नेऊन आखूड केबलने जोडल्याबरोबर १००० झाले आणि वेग २८७ आला. मग लांब केबल पहिल्या टोकापासून हाताने चाचपत आले. ती एका दाराच्या उंबऱ्यावरून गेलेली आहे आणि ते दार रोज तिच्यावर दाबून बंद होत होते. तिथे ती चपटी झाली आहे. चार महिने मी त्याच दारातून ये-जा करत होते.

संध्याकाळचे कारणही शमी यांनी म्हटले तेच निघाले. पिंग १८ वरून ३४० वर गेले. घरात दोन फोन एकाच वेळी बॅकअप घेत होते. ते आता पहाटेवर टाकले आहेत आणि कालचे दोन्ही कॉल स्वच्छ झाले. माझ्या राउटरमध्ये रांगेच्या नियंत्रणाची सोय मात्र सापडली नाही.

रानजाई, मी जुन्या क्रमांकावरच तक्रार पुन्हा उघडायला लावली, कारण केबल जोडणी देतानाच त्यांच्या माणसांनी टाकली होती आणि ती उंबऱ्यावरून न्यायची कल्पनाही त्यांचीच होती. या वेळी वरिष्ठांचा फोन आला आणि त्यांनी केबल बदलून देण्याचे मान्य केले आहे. ते येण्यापूर्वी काय सांगून ठेवावे?

जुनापिंपळ, आपल्या आईंच्या घरची केबल आणि फोनचे बॅकअप एकदा आपणच पाहून या, अशी विनंती करते. आपले म्हणणे मला पटले आहे, पण तोवर त्यांचे अडू नये.

दुर्बीण

दार, खिडकीची फट आणि फर्निचरचे पाय टाळून केबल भिंतीच्या वरच्या बाजूने न्यायला सांगा. कोपऱ्यात तिला तीव्र मुरड देऊ देऊ नका आणि खिळ्यांच्या पट्ट्या ठोकताना त्या तारेला आवळणार नाहीत हे पाहा. कॅट-५ई दर्जाची केबल १००० च्या वेगासाठी १०० मीटरपर्यंत पुरते, त्यामुळे याहून महागडी केबल घेण्याची आपल्याला गरज नाही. काम झाल्यावर, त्यांच्या देखत, आपल्या लॅपटॉपवर १००० दिसते की नाही ते पाहा आणि मगच सही करा.