मदत हवी आहे: वडिलांच्या खोलीला ऊब हवी, पण ऑइल हीटरने मीटर ४६८ युनिटवर नेला

पाथर्डीफाटा_वरचा_मजला

नमस्कार. आमचा नाशिकचा फ्लॅट शेवटच्या मजल्यावर आहे, डोक्यावर थेट स्लॅब. वडील (वय ८१) दिवाळीनंतर निफाडकडच्या गावाहून आमच्याकडे राहायला आलेत. गावचं घर धाब्याचं, भिंती दीड हात जाड. इथे त्यांची खोली दहा बाय बाराची, उत्तरेची, सरकत्या काचेची मोठी खिडकी. "तुझ्या या काड्यापेटीपेक्षा माझं मातीचं घर बरं" हे रोज चहासोबत ऐकते. आणि खोटंही नाही, पहाटे खोलीत १६ अंश असतात.

डिसेंबरच्या सुरुवातीला नऊ पट्ट्यांचा, २००० वॅटचा ऑइल हीटर आणला. दुकानदार म्हणाला, हॅलोजन वीज खातो, ऑइलचा खात नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लावायचो. नोव्हेंबरचं बिल १४५ युनिटचं होतं, डिसेंबरचं ४६८! यजमानांनी बिल फ्रिजवर चिकटवून ठेवलंय, माझ्यासाठीच.

हीटर बदलू का? त्या खोलीत जुना एसी आहे, त्याच्या रिमोटवर सूर्याचं चित्र आहे, तो गरम हवा देईल का? वडिलांचं म्हणणं वेगळंच: "शेगडी आण, कोळशाचं मी बघतो."

मिसळ_तर्री

हॅलोजन घ्या ताई. मी ८०० वॅटचा वापरतो, बिल निम्म्यावर आलं. ऑइलवाले लोकांना उगाच गंडवतात.

निवृत्त_तारतंत्री

ताई, आधी शेगडीचं. बंद खोलीत कोळसा अजिबात नको. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. माणसाला गुंगी येते आणि जाग येतच नाही. वडिलांना माझं नाव सांगा हवं तर, पण यात तडजोड नको.

आता हीटर. नोकरीतली बरीच वर्षं ग्राहकांच्या खिडकीवर काढली. जानेवारी-फेब्रुवारीत खिडकीवर एकच वाक्य: "साहेब, मीटर पळतोय." मीटर पळत नसतो, आपण पळवतो. ऑइल, हॅलोजन, पंख्याचा ब्लोअर, कॉइलचा, सगळ्यांचं गणित एकच. एका युनिटची जेवढी उष्णता होते तेवढी प्रत्येकातून होते. ऑइलचा वाचवतो हे दुकानदाराचं बोलणं आणि मिसळरावांचं उलटं बोलणं, दोन्ही चूक. मिसळराव, तुमचं बिल निम्मं झालं ते वॅट कमी म्हणून. हॅलोजन समोर बसलेल्या माणसाला थेट शेकतो, म्हणून थोड्या वॅटमध्ये बरं वाटतं, एवढा फरक खरा. पण झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंथरुणाजवळ लाल तापलेली नळी रात्रभर? मी ठेवणार नाही.

तुमचा हीटर २००० वॅटचा, म्हणजे सतत चालला तर तासाला २ युनिट, आठ तासांना १६. त्यातला थर्मोस्टॅट अधूनमधून बंद करतो म्हणून तुमचे १०-११ झाले, महिन्याचे सव्वातीनशे. हिशोब जुळतो, मीटरवर संशय घेऊ नका. खात्री हवी असेल तर झोपताना आणि उठल्यावर आकडा लिहून ठेवा. तुलनेसाठी सांगतो: २० लिटरची बादली १८ अंशांवरून ४० अंशांवर न्यायला अर्धं युनिट लागतं (लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले ८६०). म्हणजे वडिलांची एक रात्र म्हणजे वीस बादल्या ऊन पाणी.

बिलाबद्दलही एक गैरसमज असतो. महावितरणचे घरगुती दराचे टप्पे, म्हणजे स्लॅब, १०० युनिटपर्यंत, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत असे आहेत. वरच्या स्लॅबमध्ये गेलात की सगळे युनिट महाग होत नाहीत, त्या स्लॅबमधले तेवढेच होतात. पण तुमचे वाढलेले ३२३ युनिट सगळे वरच्याच स्लॅबमध्ये पडलेत: १५५ दुसऱ्यात आणि १६८ तिसऱ्यात. तिसऱ्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून बिल बघून दचकायला होतं.

आता खरी गंमत. तुमच्या खोलीतली नुसती हवा सहा अंशांनी तापवायला युनिटचा दहावा हिस्साही लागत नाही. मग दहा युनिट जातात कुठे? भिंतीत, छताच्या स्लॅबमध्ये, काचेतून आणि सरकत्या खिडकीच्या फटीतून. आभाळ निरभ्र असलं की स्लॅब रात्रभर आकाशाकडे उष्णता फेकत राहतो. निफाडच्या द्राक्षबागांत गारठा उतरतो तो याच कारणाने, आणि बागायतदार पहाटे धूर करतात तोही यावरचाच उपाय. वडिलांच्या धाब्याच्या घराला ऊब टिकवणं जमत होतं, कारण जाड माती दिवसा तापते आणि रात्री सावकाश सोडते.

तेव्हा आधी फटी. खिडकीच्या रुळाला फोमची पट्टी, दाराखाली जुन्या साडीची गुंडाळी, जमिनीपर्यंत येणारा जाड पडदा, तोही सूर्य मावळायच्या आत ओढायचा. पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत घ्या. नुसती अंगावर नाही, अंगाखालीही घोंगडी घाला, गारठा खालूनही येतो.

हो, आणि हीटर १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच हवा. २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर ओढले जातात. मोबाइलच्या एक्स्टेंशन बोर्डावर लावला असेल तर आत्ताच्या आत्ता काढा.

पाथर्डीफाटा_वरचा_मजला

काका, एक्स्टेंशनवरच होता! हात लावून पाहिला तर बोर्ड कोमट. काढला. मिसळदादा, राग मानू नका, तुमचं हॅलोजन राहू दे.

पण एसीचं काय?

गारवा_नको

एसीचं मी सांगतो, आमच्याकडे गंगापूर रोडला हॉट अँड कोल्ड इन्व्हर्टर एसी आहे. या एसीत उष्णता तयार होत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून आत आणली जाते, म्हणून एका युनिटला तीन युनिटच्या आसपास ऊब मिळते. बाहेर १० अंश असले तरी चालतं. नाशिकच्या थंडीला याच्याइतकं काटकसरीचं विजेचं यंत्र नाही.

पण सूर्याच्या चित्रावर जाऊ नका. कंपन्या बरेचदा एकच रिमोट सगळ्या मॉडेलना देतात. बाहेरच्या युनिटवरचं लेबल वाचा, त्यावर कूलिंगसोबत हीटिंगची क्षमता लिहिलेली असेल तरच तो गरम करतो. नवा घेताना आणखी एक: आपल्याकडचे एसीवरचे तारे थंड करण्याच्या कामावर दिलेले असतात, गरम करण्यावर नाही.

निवृत्त_तारतंत्री

बरोबर. तरी फक्त थंडीसाठी नवा एसी घेऊ नका ताई. आपली कडाक्याची थंडी दोन महिन्यांची. रात्रीला सहा-सात युनिट वाचले तरी वर्षाला चारशे. त्याला तुमच्या स्लॅबच्या दराने गुणा आणि एसीच्या किमतीशी ताडून बघा. जुना बदलायचाच असेल तेव्हा मात्र हॉट अँड कोल्डच घ्या.

पांढरी_साडी_निळी_किनार

मी नर्स आहे. कोणी माणसाबद्दल बोलेचना म्हणून लिहिते. खोली २५ अंश करायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सुचवते, वयस्कर माणसाला त्याहून थोडं जास्त बरं. बाकीची ऊब अंथरुणात द्या. विजेचं ब्लँकेट एका माणसाचं साधारण ६० ते १०० वॅटचं असतं. झोपण्याआधी अर्धा तास लावून अंथरूण गरम करायचं आणि आजोबा आडवे झाले की बंद. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल तर चटका कळत नाही, फोड येतो तेव्हाच कळतं. अशांना रात्रभर चालू ठेवू नका. घडी घालून त्यावर बसू नये. कानटोपी आणि मोजे, हे सांगायला नर्स लागत नाही.

पाथर्डीफाटा_वरचा_मजला

आठ रात्रींनंतर लिहितेय. एसीचं लेबल पाहिलं, फक्त कूलिंग. सूर्य नुसता शोभेचा.

फोमची पट्टी मेन रोडवरून आणली, जाड पडदा शिवून घेतला, पलंग सरकवला. पडदा लावायचं काम वडिलांनीच घेतलंय, साडेपाचला घड्याळ लावल्यासारखे उठतात. हीटर आता १००० च्या बटणावर, झोपायच्या आधी एक तास आणि टायमर लावून पहाटे पाच ते सहा. ब्लँकेट अर्धा तास. पहिल्या दोन रात्री वडील म्हणाले, विजेवर कोण झोपतं? तिसऱ्या रात्री स्वतःच विचारलं, "ती गोधडी तापवली का?"

रात्री नऊ ते सकाळी सात, फ्रिज धरून मीटर आधी १२ च्या वर जायचा, आता साडेतीन. पहाटे खोलीत १८ अंश. पट्टीचा वाटा किती आणि पडद्याचा किती ते सांगता येणार नाही, सगळं एकदम केलं.

शेगडीचा विषय मात्र मिटला नव्हता. काल गावाहून कोळशाचं पोतं आलं, मला न विचारता मागवलेलं. ते खाली इस्त्रीवाल्याला देऊन टाकलं. वडिलांचे दोन सदरे तो फुकट करून देतोय.